लेकराच्या नावानं राळे

माझी लेक जेवत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं. वडवणीच्या बाजारात शेजारी बसून कांदे निवडणारी, माझी तोंडओळखही नसलेली बाई विचारायची, "ती चीनहून आलेली पोरगी तुमचीच का? खाती का आता काही?" मी "खाते की" म्हणायची आणि हातातले कांदे टाकून पुढच्या ढिगाकडं जायची. लेकरू हट्टी असलं, खोडकर असलं, तर लोक लेकराला बोलतात. वाळकं असलं की आईकडं बघतात. वरून खालपर्यंत बघतात, आणि मी तर चांगली अंगानं भरलेली. "आई तर बरी दिसती," असं एकीनं माझ्या तोंडावर म्हटलेलं मी अजून विसरले नाही.

माझा नवरा चीनमध्ये समुद्राकाठच्या एका शहरात यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला आहे. लग्नानंतर मीही तिकडंच होते. लेक तिथंच रांगायला, चालायला, बोलायला शिकली. ती चार वर्षांची झाली त्या साली दिवाळीच्या तोंडावर सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून मी तिला घेऊन गावी आले. उन्हाळ्यापर्यंत राहायचं असं ठरलं होतं.

तिथं आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारी राहायची. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. फोनमध्ये बोललं की तो कसंबसं भाषांतर करायचा, बाकीचं आम्ही हातवाऱ्यांनी भागवायचो. माझ्या लेकीला ती स्वतःचीच नात समजायची. जिन्यात भेटली की पहिलं फर्मान, जीभ दाखव. जिभेवर पांढरा थर दिसला की त्या दिवशी दूध बंद, तळलेलं बंद, नुसती पेज. उन्हाळ्यात ती मूग उकळून त्याचं कोमट पाणी पाठवायची. पावसाळी दमट हवेत कोहळ्याचं पातळ सार. हवा कोरडी पडली की नाशपाती खडीसाखर घालून वाफवायची. सणावाराला जड खाणं झालं की बोराएवढ्या लाल आंबट फळाच्या वाळवलेल्या चकत्या उकळून ते पाणी द्यायची. आणि थंडीत रोज सकाळी राळ्याची पेज, वर दोन खारका. हो, राळेच. पहिल्यांदा ती वाटी बघितली तेव्हा मला हसूच आलं. धर्मापुरीला, माझ्या माहेरी, भोगीला राळ्याचा भात व्हायचा. 'न खाई भोगी तो सदा रोगी' असं म्हणत आई आम्हाला तो वाढायची आणि आम्ही नाकं मुरडायचो.

म्हातारीचा नियम एकच, पण कडक. लेकराला गच्च पोटभर घालायचं नाही, थोडी भूक शिल्लक ठेवायची. आणि ताट समोर ठेवलं की आपण तोंड फिरवून कामाला लागायचं. ती स्वतः तसंच करायची. भाजी निवडत बसायची, पोरीकडं ढुंकूनही बघायची नाही, आणि पोरगी वाटी चाटूनपुसून साफ करायची.

हा नियम घेऊन मी बीड जिल्ह्यात आले. माझ्या अकलेची कमालच म्हणायची.

आमच्याकडं जेवणाऱ्याला "बास" म्हणायची मुभाच नाही. ताटावर आडवा हात धरला तर हातावर वाढतात. त्यातून दिवाळी. रोज कुणी ना कुणी नात बघायला यायचं आणि येणारी बाई रिकाम्या हातानं यायची नाही. कुणी बुंदीचे लाडू, कुणी शेवेची पुडी, कुणी दुकानातलं काही चमचमीत. आली की पोरीला मांडीवर ओढायची आणि तोंडात काहीतरी कोंबायची. मी म्हणायची, "आत्ताच खाल्लंय तिनं, थोडी भूक राहू द्या." मग त्या बाईचा हात हवेतच थांबायचा आणि आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, तोंड उतरायचं.

"लेकराला उपाशी ठिवायचं कुठं शिकलीस?" पाहुणी गेल्यावर त्या मला म्हणायच्या. "या घरातून कुत्रं उपाशी जात न्हाई, अन् नात उपाशी?"

"आत्याबाई, तिचं पोट लहान आहे."

"पोट लहानच असतंय. घालून मोठं करायचं असतंय."

मी मनातल्या मनात धुमसायची. व्हायचं तेच झालं. पोरीचं पोट फुगायला लागलं, तोंडाला वास यायला लागला, जिभेवर पांढरा थर बसला. थंडी पडेपर्यंत तर ताट दिसलं की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. बीडच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, भुकेचं टॉनिक दिलं. आत्याबाईंनी वावडिंगाचं पाणी पाजलं, मुरडशेंग उगाळून चाटवली, मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढली. त्यांचं वावडिंग काही खोटं नव्हतं, पण वरून रोज लाडू चालूच असले तर बिचारं वावडिंग तरी काय करणार? फ्रॉक तिच्या खांद्यावरून ओघळायला लागले. अंघोळ घालताना बरगड्या हाताला लागायच्या.

नवरा फोनवर म्हणाला, "खालच्या म्हातारीला विचारू का?" विचारलं. उत्तर आलं, थंडी संपेपर्यंत राळ्याची पेज.

मी वडवणीतली दुकानं पालथी घातली. एकेकाळी इथल्या हलक्या रानात राळे पिकायचे, आता दुकानदार मला विचारत होते, राळे म्हणजे काय? शेवटी एकानं मागच्या फळीवरून एक पुडी काढली. वर पोपटाचं चित्र. "राळेच हायत बघा. पाखरं पाळणारे नेतात," तो म्हणाला. मी पिशवीच्या तळाशी पुडी दडपून घरी आणली.

माझी चूक अशी की राळे कांडावे लागतात, हेच मला माहीत नव्हतं. माहेरी आई कांडायची, मी फक्त ताटावर बसायची. म्हातारीकडं साल काढलेले पिवळेधमक राळे असायचे. मी ते पाखरांचे राळे सालासकट शिजवले. पोरीनं एक चमचा तोंडात घेतला, साल घशात टोचलं आणि ती खोकून खोकून लालबुंद झाली. आत्याबाई धावत आल्या. ओट्यावर पुडी पडलेली. त्यांनी पोपट बघितला, मग मला बघितलं. दारात शेजारीण दह्याचं विरजण मागायला आलेली उभी.

"पाखराचं खाणं घातलंस माझ्या नातीला?" एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरीला कडेवर घेऊन त्या आत गेल्या.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. चीनवाली पोरीला पोपटाचं खाणं चारती. मंदिराच्या पारावर बसलेली पोरं लेकीला बघून शीळ घालायची, आणि ती येडी खूश होऊन त्यांना हात करायची. मी दाराबाहेर पडायची बंद झाले. राग तर असा आला होता, पण काढायचा कुणावर? स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी वाटायची.

पुढच्या शुक्रवारी आत्याबाई डोक्यावरून न्हाऊन, गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन उभ्या राहिल्या. "पाच घरी जोगवा मागायचा. अंबाजोगाईच्या आईला बोललेय मी. मागून आणलेलं शिजवून पोरीला घालायचं. चल, पोरीला घे. आईनं मागायचा असतोय."

घरात ज्वारीच्या पोत्यांची थप्पी, आणि आम्ही सासू-सून दारोदार. जोगवा म्हणजे भीक नव्हे हे मला कळतं. देवीपुढं आपण कुणी नाही, एवढं कबूल करायचं असतं, आणि पैसेवाल्यानंही करायचं असतं. पण पदर पसरला की पसरलाच. पहिल्या दारात आत्याबाईच म्हणाल्या, "जोगवा वाढा, माय." मी मान खाली घालून पदर पुढं केला. बाईनं ओंजळभर ज्वारी घातली आणि वर सल्ला दिला, "आता ते पोपटाचं देऊ नका बरं." पुढच्या घरातली तर गंभीर तोंड करून म्हणाली, "आमची ज्वारी चालंल ना तिला? का चीनची लागंल?" माझे कान तापले. आत्याबाई मात्र सगळं ऐकून घेत होत्या, नातीसाठी. त्यांच्यासारख्या ताठ बाईला असं ऐकून घेताना मी कधी बघितलं नव्हतं, आणि ते माझ्यामुळं, याची लाज वेगळी.

शेवटच्या घरातली म्हातारी मूग घालता घालता म्हणाली, "राळेच पायजेत का? मग तिकडं मिळतील की. तिकडली एक बाई बांधाच्या कडंनं पेरती दरसाल."

आमच्या गावात 'तिकडं' म्हटलं की पुढं काही विचारायचं नसतं. तिकडं म्हणजे ओढ्यापलीकडं, बौद्धांच्या वस्तीत. आत्याबाईंनी ऐकलंच नाही असं केलं. वाटेत मी विषय काढला.

"तिथं जोगवा मागत न्हाईत," त्या म्हणाल्या.

"कावून?"

"न्हाई मागत. झालं."

पाच घरांची ज्वारी, तांदूळ, मूग एका पातेल्यात शिजले. आत्याबाईंनी देवीचं नाव घेऊन घास पुढं केला. पोरीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. आत्याबाई पातेल्याशेजारी तशाच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी बाजाराला जाते असं सांगून लेकीला कडेवर घेतलं आणि ओढा ओलांडला. राळे पेरणारीचं घर विचारलं, सापडायला वेळ लागला नाही. पत्र्याचं, नीटनेटकं घर, दारावर पंचशीलाचा लहानसा झेंडा, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. अंगणात एक बाई सूप घेऊन पाखडत बसली होती, माझ्याहून थोडी मोठी. बसस्टँडवर मी तिला कितीदा बघितलं होतं. बोलले कधीच नव्हते.

आणि मी काय करावं? मागून आणलेलंच घालायचं असतं, हे डोक्यात बसलेलं. मी पदर पसरला आणि म्हणाले, "जोगवा वाढा, ताई. राळ्याचा." वर मनात असं की आपण हिला मानच देतोय, देवीच्या कामात हिलाही धरतोय. आता हे लिहिताना बोटं आखडतात माझी.

तिनं सूप खाली ठेवलं. रागावली नाही. "ताई, आमच्यात जोगवा देत न्हाईत. आमच्या आज्यानं दीक्षा घेतली तवाच ते सगळं सोडलं." मग तिनं लेकीकडं बघितलं. "हीच का ती, जेवत न्हाई ती? तिला पायजेत तर तसं सांगा की. देवीचं नाव कावून घेता? लेकराच्या नावानं न्या. लई हायत."

मी पदर गोळा करून खांद्यावर घेतला आणि तो सारखा नीट करत बसले.

जेवणाचीच वेळ होती. तिनं राळ्याचा मऊ भात आणि वर मुगाचं वरण, असं चिमूटभर एका ताटलीत घालून लेकीपुढं ठेवलं आणि परत पाखडायला बसली. "खा" म्हणाली नाही. "तुझं नाव काय," "तू कुठली," काही विचारलं नाही. पोरीनं आधी बोटानं चिवडलं. इकडंतिकडं बघितलं, कुणी आपल्याकडं बघत नाही याची खात्री करून घेतली. मग एक घास घेतला. मग दुसरा. मग ताटली उचलून थेट त्या बाईजवळ गेली आणि म्हणाली, "अजून." तिनं अजून थोडं वाढलं. तेही संपलं. पुन्हा ताटली पुढं आली तेव्हा ती हसून म्हणाली, "आता बास. बाकीचं उद्या." माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

तिनं मला पाण्याचा तांब्या दिला. चीनमध्ये मी कुणाकुणाच्या हातचं आणि काय काय खाल्लं याला गणती नाही. इथं तांब्या हातात घेतला आणि माझी मान आपोआप ओढ्याकडं वळली, कुणी बघतंय का. पाणी मी प्यायले. पण मान वळली होती, आणि ती वळलेली तिनं बघितली होती. राळे कांडून ठेवलेलेच होते, ते तिनं पिशवीत भरून दिले. पैशाचं नाव काढलं तर हात जोडले.

घरी आल्या आल्या लेकीनं सगळं सांगून टाकलं. "आजी, मी मावशीकडं भात खाल्ला. ओढ्याच्या तिकडं." आत्याबाईंचा हात पिठात होता, तो तसाच राहिला. त्या म्हणाल्या, "जेवली का मनानं?"

"दोनदा मागितलं."

"मग झालं." आणि पुन्हा मळायला लागून, खाली बघत, "कुणाला सांगत बसू नको पर."

त्या दिवसापासून लेकीची गाडी रुळावर आली. घरी सकाळी राळ्याची पेज, दोन खारका घालून; आत्याबाई स्वतः ढवळायच्या आणि कुणी लाडू घेऊन आलं तर डबा माझ्याआधी उचलून आत ठेवायच्या. अधूनमधून दुपारी मी तिला ओढ्यापलीकडं न्यायची, जाताना मागच्या गल्लीनं. जीभ साफ झाली, गाल वर आले. ती दुपारी स्वतःहून म्हणायला लागली, "भूक लागली." हे दोन शब्द ऐकायला मी किती तरसले होते म्हणून सांगू! गावात आपोआप झालं की अंबाजोगाईच्या आईनं जोगवा ऐकला. मी कधी कुणाला तसं सांगितलं नाही. तसं नाही, असंही सांगितलं नाही.

शिमगा झाल्यावर एका शुक्रवारी आत्याबाईंनी सवाष्णी जेवायला बोलावल्या, देवीचं देणं फेडायला. पुरणपोळीचा बेत. मी धीर करून म्हणाले, "आत्याबाई, तिलाही बोलवायचं का?"

त्यांना कोण हे विचारावं लागलं नाही. "बोलाव की. पर ती यील का देवीच्या जेवणाला? तिच्यात चालत न्हाई ना. अन् आली, तर बाकीच्या बसतील का पंगतीला?"

दोन्ही खरं होतं. मी पहिलं धरून बसले, ती येणारच नाही तर कशाला बोलवा, आणि दुसऱ्याचा विचार करायचं टाळलं. बोलवलं नाही.

पंगत बसली. लेक मधोमध, परकर-पोलकं घालून, गोल गोल गालांची. बायका तिचं कौतुक करून थकत नव्हत्या. जिनं चीनची ज्वारी लागंल का विचारलं होतं, ती तिच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "कुणी गं तुला जेवायला शिकवलं? आजीनं का आईनं?"

"मावशीनं," लेक म्हणाली.

"कोणत्या मावशीनं?"

आत्याबाईंच्या हातातली तुपाची वाटी थांबली. बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मला फार विचार करावा लागला नाही, याचीच आज जास्त लाज वाटते. "माझी बहीण आली होती मधी," मी म्हणाले. "धर्मापुरीहून."

लेकीनं माझ्याकडं बघितलं. मला बहीण नाही, हे तिला माहीत आहे. तिनं तोंड उघडलं. तिनं बोलावं असंही मला वाटत होतं आणि बोलू नये असंही. तिनं माझ्या तोंडाकडं थोडा वेळ बघितलं आणि मग त्या बाईला म्हणाली, "धर्मापुरीची मावशी."

"अगं बाई, किती गोड बोलती," बायका म्हणाल्या आणि कुणीतरी तिच्या ताटात आणखी एक पोळी टाकली. वरून तूप. लेक नाही म्हणाली नाही. तिनं पोळी मोडली आणि खायला लागली, एकेक घास, आणि प्रत्येक घासाला वर माझ्याकडं बघायची. "आई पावली हो," कुणी म्हणालं. अजून अर्धी पोळी पडली. मी तिची आई आहे. तिचं पोट केव्हाच भरलंय हे मला तिच्या चावण्यावरून कळत होतं. तरी ती पुढचा घास उचलत होती आणि मी खूश आहे ना, ते बघत होती.